घरगाडीचं इंजिन : मिस्त्री म्हणते फुल काम करा, पावणेदोन लाख. करू का नको?

पूर्णाकाठचा (दर्यापूर)

नमस्कार मंडळी. गोठ लंबी हाय पण पुरी वाचा बाप्पा, पैशाचा मामला हाय.

आमच्याकडं २००८ चं मॉडेल, १७ सीटर डिझेल मिनीबस हाय. जुनीच घेतली होती, मंग सीटा काढून भावानं अन् मी तिचं घर केलं, दोन बर्थ, मागं शेगडी, १०० लिटरची पाण्याची टाकी, छतावर सोलर, बाबासाठी एसी. आरसीवर कॅम्पर म्हणून चढवली हाय, १५ वर्ष झाल्यावर रजिस्ट्रेशन बी वाढवून घेतलं, त्यामुळं कागदाच्या भानगडीत नका जाऊ. आईबाबाइले घेऊन शेगाव, माहूर, पंढरपूर, हिवाळ्यात नवेगाव-नागझिरा, असं चालते आमचं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहत नाई, नाई तं मंग सगळे त्याच्यावरच भांडत बसते. चार सिलिंडर, टर्बो, डिझेलचा जुना मेकॅनिकल पंप, सेन्सरबिन्सर काही नाई.

आता तकलीफ. उन्हाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याले चढताना काटा लालवर गेला, थांबून थंडी केली, पाणी टाकलं, मंग वर गेलो. तवापासून रेडिएटरचं पाणी कमी होते पण गाडीखाली एक थेंब नाई. सकाळी सुरू केली की पांढरा धूर, वास गोडसर. चढावर पिकअप नाई, ऑइल बी थोडं खाते. अन् रेडिएटरचा वरचा पाइप, गाडी सुरू करून दोन मिनिटं नाई झाले तं एकदम टणक, इंजिन अजून कोमट बी नसते. त्यात कुलंट टाकलेलं होतं, वरून आता घरच्या बोअरचं पाणी टाकत असतो.

अमरावतीच्या एका गॅरेजवाल्यानं आवाज ऐकला, ऑइलचं झाकण काढून वाफ पाह्यली अन् म्हणे फुल इंजिन करा लागन. पिस्टन, त्याच्यावरची रिंग, लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होते थे नळकांडं), बेअरिंग, क्रँक (पिस्टननं फिरणारा मेन दांडा) ग्राइंडिंग, हेड (इंजिनचं वरचं झाकण), पंप-नोझल (डिझेल फवारणारे), टर्बो, मजुरी, सगळं मिळून पावणेदोन लाख, अन् उघडल्यावर अजून काही निघालं तं थे वेगळं. गाडी विकाले काढली तं तीन लाख कोणी देते का नाई थे बी माहीत नाई. कराव का नाई करावं, सांगा.

रामटेकवाला

विका भाऊ विका. जुनं डिझेल म्हणजे पैसे गिळाले टपलेलं. पावणेदोन लाख टाकून उद्या गिअरबॉक्स बोंबलला तं? मंग इथं येऊन पुन्हा विचारसान.

पूर्णाकाठचा (दर्यापूर)

विकून काय करू रामटेकवाले? अशी गाडी नवी बनवाले गेलो तं शेत काढा लागन. अन् बाबा ७० च्या वर हाय, त्याइले लॉजवर झोप नाई लागत, ह्याच गाडीत लागते.

डेपोवाले काका (अकोला)

फुल इंजिनले हो म्हणू नको अजून. मी एसटीच्या डेपोत वर्कशॉपले होतो, आता घरीच हाओ, म्हणून टाइम हाय, लंबं लिहतो.

तू लिहलं त्यातल्या तीन गोठी एकाच जागेवर बोट ठेवते. खाली थेंब नाई अन् पाणी गायब. गोड वासाचा पांढरा धूर, म्हणजे कुलंट जळून रायलं. (डिझेल न जळता निघालं तरी धूर पांढराच असते, पण थो वास डोयाले झोंबते, गोड नसते.) अन् तिसरी सगळ्यात पक्की, थंड्या इंजिनात दोन मिनिटात टणक पाइप. पाणी तापून दाब येते हे मान्य, पण पाणी तापलंच नाई तं दाब आला कुठून? थो सिलिंडरमधला दाब हाय, हेड गॅस्केटमधून (हेड अन् खालच्या ब्लॉकच्या मधातलं पॅकिंग) नाई तं हेडच्या चिरेतून पाण्यात घुसून रायला. रिंग झिजली म्हणून पाण्यात दाब नाई येत. रिंग-लायनरचं लक्षण म्हणजे निळा धूर, भरपूर ऑइल खाणं अन् ऑइलच्या तोंडातून फकफक वारा. इतक्या वर्षाच्या टर्बो डिझेलनं थोडं ऑइल खाल्लं तं त्याले फाशी नाई देत कोणी.

झाकण काढून वाफ पाह्यली म्हणजे टेस्ट झाली असं नाई. इंजिन पुरं गरम पाह्यजे, आयडलवर, अन् झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवाचं. थरथरत बसून राह्यलं तं बरं, उडून खाली पडलं तं रिंगेचा इचार करा लागन. त्यातही काही इंजिनात झाकणाखालीच रॉकर (वॉल्व्ह दाबणारे दांडे) फिरते, वारा तसाही लागते. म्हणून हा नुसता अंदाज. खरी टेस्ट कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधी हवा किती दाबल्या जाते थे मोजाची, थे त्यानं केली का? आवाज ऐकून पावणेदोन लाख सांगणाऱ्याले हेच विचार पयले.

कॉम्प्रेशन टेस्ट अशी. बॅटरी पुरी चार्ज, डिझेल बंद, चारही ग्लो प्लग (थंड्या इंजिनले सुरू होताना तापवणारे) नाई तं नोझल बाहेर, अन् एकेक सिलिंडरले डिझेलचं गेज लावून स्टार्टर मारायचा. पेट्रोलचं गेज नाई चालत, थे तेवढा दाब दाखवतच नाई. जुन्या डिझेलले २० ते ३० बारच्या मधात कुठंतरी येते, किमान किती पाह्यजे थे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधी असते. पण तू आकड्यापेक्षा फरक पाह्य. चारही सारखेच पडले तं रिंग-लायनर. एकच पडला तं वॉल्व्ह नाई तं त्या एका पिस्टनचं काही. शेजारशेजारचे दोन पडले तं समज त्याच दोघाइच्या मधात गॅस्केट जळलं.

आता मेन गोठ. गॅस्केट काऊन जळलं? थे शोधल्याबिगर नवं टाकशीन तं पुढच्या घाटात थेही जाईन, फुल इंजिन केलं तरी जाईन. अन् तुह्या पोस्टमधीच उत्तर हाय बाप्पा : घरच्या बोअरचं पाणी. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातलं हे पाणी, अकोला, अमरावती, बुलढाणा, कुठलंही घे, माणसाले पेवत नाई, ओलिताले चालत नाई अन् तू थे रेडिएटरले पाजून रायला! क्षार नळ्यात बसते. बाहेरून रेडिएटर चकाचक अन् आतून अर्ध्या नळ्या बंद. वरून मिठानं हेडचं ॲल्युमिनियम खाते, नेमकं गॅस्केट बसते थ्याच जागी खड्डे पडते. गाडी गरम करून बंद कर, पंखा इलेक्ट्रिक असन तं बॅटरीची वायर काढ, मंग रेडिएटरवर हात फिरव. मधातच जो पट्टा थंडा लागते तिथल्या नळ्या बंद समज.

झाकण बी पाह्य, ऑइलचं नाई, रेडिएटरचं. त्यावर ०.९ नाई तं १.१ असं लिहलं असते, थो दाब हाय बारमधी. एक बार दाब धरला तं साधं पाणी १०० च्या जागी १२० डिग्रीले उकळते. रबर कडक होऊन दाब सुटला तं १०० लेच उकळन, अन् चिखलदरा ११०० मीटरवर हाय, तिथं अजून तीन-चार डिग्री आधी. दोनअडीचशे रुपयाचं झाकण न बदलल्यानं इंजिनं उतरलेले पाह्यले मी.

अन् थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडं सोडणारा वॉल्व्ह) हाय का नाई थे पाह्य. आपल्या इकडं उन्हाळा आला की मिस्त्री थो काढून फेकते, म्हणे पाणी मोकळं फिरन. काही इंजिनात थर्मोस्टॅटच बायपासचं भोक बंद करते, थो काढला की पाण्याचा मोठा वाटा रेडिएटरमधी जातच नाई, गरमच्या गरम परत इंजिनात.

ताडोबा रोड (चंद्रपूर)

काकांनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगते. आमच्याकडे पण अशीच जुनी गाडी घर करून वापरतो, मी आणि मिस्टर. ती गरम व्हायला लागली तेव्हा सगळ्यांनी इंजिनवरच बोट ठेवलं आणि निघालं काय तर कुटार, म्हणजे भुसा. सोयाबीनच्या दिवसात लोक रस्त्यावर माल पसरवतात ना मळायला, त्यावरून गाडी गेली की सगळं उडून आत, नंतर कापसाचे ट्रक जातात त्यांचा उडालेला कापूस, आणि तुमच्या गाडीला एसी आहे म्हणजे रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर, म्हणजे एसीची जाळी, असणार, तर समोरून पाहिलं की कंडेन्सर एकदम स्वच्छ दिसतं पण दोघांच्या मधल्या फटीत कापूस, कुटार, मेलेले किडे, त्यावर धूळ, असा गादीसारखा थर बसलेला. बाजूने टॉर्च मारून बघा. पाणी इंजिनकडून बाहेरच्या दिशेला मारायचं, आणि वॉशिंग सेंटरवाल्याला नळी जवळ आणू देऊ नका, त्या पातळ पत्र्या वाकतात आणि मग हवा कायमची बंद.

दुसरं, वजन. १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो, ती भरून घाट कशाला चढायचा, पायथ्याशी रिकामी करा आणि वर भरा. (चिखलदऱ्याला उन्हाळ्यात पाण्याचे वांधे असतात हे माहीत आहे, निदान अर्धी तरी ठेवा.) घाटात गिअर खालचा घ्या, इंजिन घोगरं होऊ देऊ नका, कारण पाण्याचा पंप आणि (इलेक्ट्रिक नसेल तर) पंखा दोन्ही इंजिनवरच फिरतात, आरपीएम पडला की तेही मंदावतात. एसी बंद, आणि काटा चढायला लागला तर हीटर फुल, मे महिना असला तरी. काच उघडा आणि सहन करा. आणि थांबलात तर लगेच चावी काढू नका, पाणी असेल तर आयडलवर राहू द्या, टर्बोलाही ते लागतं. पाणीच उरलं नसेल तर मात्र ताबडतोब बंद.

अजून एक, रेडिएटर उघडाल तेव्हा काढलेलं कुलंट अंगणात ओतू नका हं. गोड असतं, कुत्री शेळ्या चाटतात आणि त्यांच्यासाठी ते विषच आहे.

यवतमाळ एक्सप्रेस

एवढा खटाटोप कायले? काढलेलं इंजिन बसवा ना. भंगारवाल्याकडं ॲक्सिडेंटच्या गाडीचं चालू इंजिन भेटते ६०-७० हजारात, दोन दिवसात गाडी रस्त्यावर.

लेथवाला (हिंगणघाट)

यवतमाळवाले, त्या इंजिनाचा नंबर तुमच्या आरसीवर नसते. नंबर बदलून घ्या लागते आरटीओत, त्यासाठी जुन्या मालकाचा कागद, बिल पाह्यजे. नाई तं पुढं इन्शुरन्सवाला क्लेम देत नाई अन् इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तं पोलिस वेगळे. अन् त्या इंजिनानं कोणत्या गावचं पाणी पेलं थे कोण सांगन?

दर्यापूरवाले भाऊ, तुमच्या पावणेदोन लाखाच्या यादीवर बोलतो, माह्यं काम तेच हाय, हेड, सिलिंडरचं बोअर, क्रँक सगळं माह्याच मशीनवर येते. माह्या फायद्याचं बोलायचं तं मी म्हणलं असतं करा फुल काम. पण क्रँक ग्राइंडिंग बिलात आलंच कसं? क्रँक बाहेर काढून मायक्रोमीटर लावल्याबिगर कोणाले कळत नाई थे घासाची का नाई. इंजिन गरम झाल्यावर ऑइल प्रेशर बरोबर राहत असन अन् खालून ठोका नसन तं क्रँकले हात लावाचं काम नाई. टर्बोचं बी तसंच, पाइप काढून शाफ्ट बोटानं हलवून पाहा, पंख बाजूच्या भिंतीले घासत नसन तं राहू द्या. पंप अन् नोझल बेंचवर चढवून तपासते, तपासाईचे थोडेच पैसे लागते. आधी तपास, मंग खर्च.

हेड उघडलं की तुम्ही तिथं हजर राहा. मिस्त्र्याले राग आला तं येऊ द्या. हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवाची अन् खालून फीलर गेज (फट मोजाची पातळ पत्री) घालून पाहायचं. ०.०५ मिलिमीटर जात नसन तं हेड सरळ हाय, ०.१ जात असन तं फेसिंग करा लागन. पण डिझेलचं हेड वाटेल तेवढं घासता येत नाई, काही कंपन्या तं घासूच देत नाई. घासल्यावर वॉल्व्ह किती आत बसते अन् नोझल किती बाहेर येते थे मोजून पाहा लागते, नाई तं पिस्टन वॉल्व्हले भेटाले येते. फेसिंगच्या आधी हेडची प्रेशर टेस्ट करा, भोकं बंद करून हवा भरते अन् गरम पाण्यात बुडवते, चीर असली तं बुडबुडे. चिरलेल्या हेडवर फेसिंगचे पैसे कायले?

गॅस्केट घेताना जपा. लय डिझेल इंजिनाले गॅस्केट दोन-तीन जाडीत येते, काठावर खाचा नाई तं भोकं असते त्यावरून ओळखू येते. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या किती बाहेर निघते थे मोजून जाडी ठरते. काउंटरवाला म्हणन सगळे एकच, त्याचं नका ऐकू, जुनं गॅस्केट सोबत न्या अन् खाचा जुळवा. हेडचे बोल्ट काही इंजिनात एकदाच वापराचे असते, मॅन्युअलमधी तसं असन तं नवेच घ्या.

अन् हेड निघालंच हाय तं लायनरवर बोट फिरवा. होनिंगच्या (बनवताना घासलेल्या) तिरप्या रेषा दिसून रायल्या, वर नखाले मोठा काठ लागत नाई, बोअर गेजचा आकडा हद्दीत, मंग पिस्टन-लायनरचा खर्च कॅन्सल. जुना पार्ट न् पार्ट पोत्यात भरून घरी न्या, काम झाल्यावर नाई, काम चालू असतानाच.

पूर्णाकाठचा (दर्यापूर)

सगळ्याइले धन्यवाद. गाडी अमरावतीले नाई नेली, परतवाड्याच्या एका मिस्त्र्याकडं डिझेलचं गेज होतं, तिथं उभी केली. त्यानं पयले गेज लावलं मंगच तोंड उघडलं, त्यामुळं बरा वाटला.

कॉम्प्रेशन आलं असं : १ नंबर २७, २ नंबर २१, ३ नंबर २०, ४ नंबर २७. काकानं म्हणलं तसंच, शेजारचे दोन.

हेड उघडलं तवा मी बाजूलेच होतो. २ अन् ३ च्या मधात गॅस्केटवर करंगळीएवढी काळी जळकी वाट, गॅस्केटच्या दोन्हीकडच्या रिंगा तिथंच दबलेल्या. अन् गंमत म्हणजे बाकी पिस्टन काजळीनं काळेकुट्ट अन् ३ नंबरचा डोक्यावरून धुतल्यावानी साफ. मिस्त्री म्हणे पाणी ह्याच्यातच जाऊन रायलं होतं, वाफेनं काजळी धुवून निघाली. लायनरवर रेषा हाय, काठ नाई, गेज लावलं, हद्दीत हाय. हेड पट्टीवर ०.१ च्या थोडं वर निघालं, प्रेशर टेस्ट पास, अचलपूरच्या लेथवर हलकं फेसिंग करून वॉल्व्ह मोजून घेतले. वॉल्व्हचे सील एकदम कडक झालेले, ऑइल तिथूनच जात असन म्हणे, बदलले. नोझल बेंचवर चढवले, दोन टपकत होते, त्याइच्या टिपा नव्या. पंपाले हात नाई लावला. टर्बोले बी नाई.

रेडिएटर तांब्या-पितळेचं हाय, रेडिएटरवाल्यानं वरची टाकी डाग (सोल्डर) काढून अलग केली तं आत नळ्याइची तोंडंच दिसत नोती, पांढरी खडी. सळईनं नळ्या मोकळ्या करतो म्हणे, पण एक नळी करतानाच फाटली, म्हणून कोअर (नळ्या-जाळीचा मधला भाग) नवा टाकून रायलो. कंडेन्सरच्या मधात ताई म्हणते तसं कुटार निघालं, कापूस नाई. थर्मोस्टॅट नोताच. आधीच्या मालकाच्या काळापासूनच नसन.

हेड, लेथ, नोझल, कोअर, मजुरी सगळं धरून ५० हजाराच्या आत बसते असं दिसते. आता इचारतो थे एवढंच, इंजिनच्या आतली खडी कशी काढू? अन् कुलंट कोणतं?

डेपोवाले काका (अकोला)

नवा कोअर बसवण्याआधीच इंजिन धुवून काढ, नाई तं ब्लॉकमधली खडी सुटून नव्या नळ्यात जाऊन बसन. ब्लॉकच्या बाजूले पाणी काढायचा प्लग असते, पाच-पंचवीस वर्ष कोणी खोलत नाई, थो खोल. खडी जास्त असन तं किराण्यातलं लिंबूसत्त पाण्यात मिसळून फिरव, थोडा वेळच, ॲल्युमिनियम हाय, रात्रभर ठेवाचं नाई. मंग साफ पाण्यानं धुवाचं, पाणी निवळ येईपर्यंत. हे सगळं जुन्या रेडिएटरवरच कर, त्याचा तसाही जीव गेला हाय. अन् फाटक्या नळीचं तोंड आधी बंद करून घे.

कुलंट तुह्या इंजिनाच्या पुस्तकात लिहलं असन त्याच जातीचं, रंगावर नको जाऊ, रंग कोणीही टाकते. अर्धं कुलंट अर्धं डिस्टिल्ड पाणी, बॅटरीवाल्याकडं कॅन भेटते. कॅन गाडीतही ठेव. वाटेत संपलं तं दुकानातली पाण्याची बाटली वत, पण हापशीचं नाई.

इंजिन ऑइल अन् फिल्टर आत्ताच बदल, त्यात पाणी गेलं असन तं बेअरिंग खराब होते. थर्मोस्टॅट नवा टाकून घे, आधी उकळत्या पाण्यात सोडून पाह्य उघडते का, नवे बी खराब येते. हजारेक किलोमीटर झाल्यावर वॉल्व्ह क्लिअरन्स (वॉल्व्हची फट) पाह्य. हेडचे बोल्ट पुन्हा कसाचे का नाई थे पुस्तकात पाहूनच, मनानं नको.

रामटेकवाला

५० हजारात झालं? मंग ठीक हाय. बाबाले सांगा नागझिऱ्याले येसान तवा आमच्या इकडून जा, भात खाऊन जा.

शेतकरी_मूर्तिजापूर

काका, माह्या ट्रॅक्टरले बी बोअरचंच पाणी टाकतो, थो बी गरम होऊन रायला. हेच लागू हाय का?

डेपोवाले काका (अकोला)

पाण्याचं लागू हाय, बाकी ट्रॅक्टरचं वेगळं. नवीन धागा काढ, मॉडेल अन् किती तास चालला थे लिह, अन् पयले रेडिएटरच्या जाळीतलं कुटार झाडून मंगच लिह.